पाणी न पिणाऱ्या बायका

आमच्या कारखान्यात लघवीला जायला बिल्ला लागायचा. पितळेचा, गोल, वरच्या बाजूला भोक पाडून त्यात सुतळी ओवलेली. असे दोन बिल्ले सुपरवायझर बाईच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेले असत, आणि आम्ही बायका होतो बासष्ट. खिळ्यावर बिल्ला असेल तर तो उचलायचा, गळ्यात घालायचा आणि जायचं. नसेल तर बसून राहायचं. बिल्ला घेऊन गेलेली पाच मिनिटांत परतली नाही, की सुपरवायझर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तिचा नंबर पुकारायची. नाव नाही, टेबलाचा नंबर.

तिला आम्ही मिस म्हणायचो. ती मरोळच्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती बाई, फ्रॉक घालणारी, बोलायची मात्र आमच्यासारखंच मराठी, थोडं वेगळ्या हेलाचं. वयाने पन्नाशीची. या हॉलमध्ये ती आधी वीस वर्षं टेबलावरच बसली होती म्हणे. म्हणजे तो बिल्ला तिनेही गळ्यात घातला असणार. याचा मला जास्त राग यायचा.

कारखाना अंधेरीच्या एमआयडीसीत होता. टेपरेकॉर्डरच्या आत बसतात त्या सर्किटच्या पट्ट्या आम्ही जोडायचो. समोर पट्टी, उजव्या हातात तापलेलं सोल्डर, म्हणजे कथील वितळवायची विजेची सळई, डाव्या हातात तार, आणि मान खाली. माझे वडील गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि चौऱ्याऐंशी साल उजाडेपर्यंत ते घरी बसून बिड्या ओढणारा माणूस झाले होते. भाऊ छापखान्यात कामाला. वहिनी लग्न होऊन आमच्या जोगेश्वरीच्या खोलीत आली आणि सहा महिन्यांत या कारखान्यात लागली. पुढे तिनेच शब्द टाकून मला तिथे चिकटवलं. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शेजारशेजारची टेबलं होती आमची. घरी ती सून आणि मी लेक होते, पण कामावर आम्ही मैत्रिणी होतो.

पहिल्याच आठवड्यात तिने मला शिकवलं. "सकाळचा चहा अर्धाच कप घे. पाणी जेवणाच्या सुट्टीत दोन घोट, त्याच्यावर नाही. पंधरा दिवसांत सवय होते बघ."

झाली सवय. माणसाला कशाचीही होते. आमच्या चाळीत तरी काय वेगळं होतं? चाळीस खोल्यांना चार संडास. पुरुष रांगेत उभे राहायच्या आत बायकांनी पहाटेच उरकून घ्यायचं, मग थेट कारखान्यातली साडेबाराची सुट्टी. त्या अर्ध्या तासात जेवायचं, आणि बासष्ट जणींनी एका संडासापुढे उभं राहायचं. संडास खरं तर दोन होते. दुसऱ्याला कुलूप होतं. आत रिकामी खोकी ठेवलेली होती. खोक्यांना जागा हवी, असं आम्हाला सांगितलं होतं, आणि ते आम्हाला पटलंही होतं. आज हे लिहिताना राग येतो, पण तेव्हा खरंच पटलं होतं.

पुढच्या वर्षी वहिनीला दिवस गेले. चौथा महिना लागला तशी तिला घटकेघटकेला लघवी लागायला लागली. पोटुशा बाईला लागतेच. ती बिल्ल्यासाठी उठायची, खिळा रिकामा बघून परत बसायची, पुन्हा उठायची. एका दिवशी ती तिसऱ्यांदा उठली तेव्हा मिस टेबलावरूनच म्हणाली, "एकवीस नंबर, तुला सारखं सारखं काय होतं गं? इथे काम करायला येतेस की फेऱ्या मारायला?"

दोन-तीन जणी हसल्या. मीही मान खाली घातली. वहिनी बसली ती संध्याकाळी साडेपाचच्या घंटेपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने कामावर पाणी प्यायचंच सोडलं. जेवणाच्या सुट्टीतले दोन घोटही बंद.

पंधरा-वीस दिवसांनी घरी कपडे वाळत घालता घालता ती मला हळूच म्हणाली, "लघवीला आग होते गं खूप. आणि झाली तरी झाल्यासारखं वाटत नाही."

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. धन्या-जिऱ्याचं पाणी पी म्हणाल्या."

"मग पी ना."

"घरी पिते."

मी तिथेच विषय सोडला. तिला आग होत होती हे मला कळलं होतं, ती दिवसभर पाणी पीत नव्हती हे तर मी डोळ्यांनी बघत होते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी अकरावीपर्यंत शिकलेली मुलगी. शाळेत शरीराचे धडे होते. पचन झालं, श्वसन झालं, हृदयाचं चित्र काढून त्यात लाल-निळे रंग भरून झाले. उत्सर्जन आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हा धडा घरी वाचा, मुलांनो, सोपा आहे." वर्गात मुलगेही होते म्हणून बाईंना लाज वाटली. घरी मी तो वाचला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, असं सगळ्या म्हणत होत्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी, पत्र्याखालचा हॉल भट्टीसारखा तापलेला असताना, माझ्या शेजारी वहिनीला थंडी वाजायला लागली. आधी मला वाटलं ती हसतेय. मग बघितलं तर तिच्या हातातल्या सोल्डरचं टोक पट्टीवर ठकठक आपटत होतं. दात वाजत होते. मी तिच्या पाठीला हात लावला तशी ती कळवळली. "तिथे नको लावू, तिथेच दुखतंय." उजव्या बरगड्यांच्या खाली. मग ती टेबलाखाली वाकून ओकली.

मिस आली. "बाहेर नेऊन बसव तिला, वाऱ्यावर बरं वाटेल," म्हणाली. मी तिला बाहेर नेलं, पण बसवलं नाही. रिक्षा थांबवली आणि तशीच पालिकेच्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

तिथली डॉक्टर माझ्याच वयाची दिसत होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. तिने वहिनीच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीखाली, मुठीच्या कडेने अगदी हलकंसं ठोकलं, आणि वहिनीने खाटेची कड घट्ट धरली. लघवी तपासायला घेतली, तर ती तांदळाच्या धुवणासारखी गढूळ होती.

"दिवसभरात पाणी किती पिता?" डॉक्टरने विचारलं.

"लागेल तेवढं," वहिनी म्हणाली.

"कामावर असताना?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. बिल्ल्याचं, कुलपाचं, साडेबाराचं, सगळं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "आठ-नऊ तास? रोज?" तिने विचारलं आणि पुन्हा लिहायला लागली. पेनाने कागद फाटेल इतक्या जोरात.

वहिनीला सलाइन लावल्यावर मी डॉक्टरला व्हरांड्यात गाठलं. "लघवी धरून ठेवल्याने ताप कसा येतो?" मी विचारलं. तिच्यामागे वीस पेशंट उभे होते. तरी तिने केसपेपरच्या मागे चित्र काढलं. शाळेत न शिकवलेला धडा मी त्या व्हरांड्यात उभ्याने शिकले.

पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या आडोशाला, दोन मूत्रपिंडं असतात. मुठीएवढी, काजूच्या आकाराची. अंगातलं सगळं रक्त दिवसातून कित्येक वेळा त्यांच्यातून फिरून जातं. एकेका मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या. ती आधी रक्तातलं पाणी, मीठ, साखर, घाण, सगळंच गाळून खाली सोडतात. "आणि मग," डॉक्टर म्हणाली, "जे लागणार ते परत उचलून घेतात. आपण घर आवरताना अख्खं कपाट बाहेर ओततो आणि कामाचं तेवढं परत आत ठेवतो ना, तसं. साखर सगळी परत. पाणी बहुतेक परत. उरलेल्या घाणीबरोबर थोडं पाणी जातं, ती लघवी." तुम्ही पाणी कमी प्यायलात तर ती बिचारी आणखी पाणी राखून ठेवतात आणि लघवी घट्ट, पिवळी, थोडीशी होते. तक्रार करत नाहीत. राबत राहतात.

मग दोन नळ्या. त्या लघवीला थेंबाथेंबाने खाली ढकलत मूत्राशयात आणतात. मूत्राशय म्हणजे फुगणारी पिशवी. ती भरत आली की मेंदूला निरोप जातो, आणि मेंदू म्हणतो थांब, किंवा म्हणतो जा. "लघवी वाहून जाते ना, तेव्हा खालचा मार्ग धुतला जातो," ती म्हणाली. "बाहेरचे जंतू त्या वाटेने वर चढायला बघतच असतात. बायकांची ती वाट असते बोटभरही नाही, त्यामुळे आपल्याला हे जास्त होतं. दिवसभर वाट धुतलीच नाही, पिशवीत लघवी साठून राहिली, की जंतूंना आयतं घर मिळतं. आणि गरोदरपणात त्या नळ्या सैल पडतात, वरून पोटाचा दाब येतो, लघवी नळ्यांमध्येही तुंबते. तिथून ते थेट मूत्रपिंडात. तुमच्या वहिनीचं तेच झालंय."

"आधी आलो असतो तर?"

"आग होत होती तेव्हा आला असता, तर साध्या गोळ्यांनी भागलं असतं."

तिने ते मला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पण तो कपडे वाळत घालतानाचा दिवस तेव्हापासून माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. वहिनी उठून बसली, पेज प्यायली, मला म्हणाली, "आता दोन दिवसांत सोडतील." पाचव्या दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सहावा महिना नुकता लागला होता. मुलगी झाली. तासभर होती. आईने तिला बघितलं, मी बघितलं, वहिनीला दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं असं वहिनी मला पुढे खूप वर्षांनी म्हणाली.

"त्या इन्फेक्शनमुळेच झालं का हे?" मी डॉक्टरला विचारलं.

"होऊ शकतं. बऱ्याचदा होतं. पण त्यामुळेच झालं, असं लिहून मागाल तर मला देता येणार नाही."

घरी भाऊ भिंतीला टेकून बसला होता. "नशीब," तो म्हणाला. आई चुलीपाशी होती. कोकणातून येऊन तिला मुंबईत तीस वर्षं झाली होती, पण दुःखात आणि रागात ती मालवणीतच बोलायची. "बायलमाणसान दम धरूक व्हयो गो," ती म्हणाली. "आमी नाय धरलो? दिसभर शेतात असायचव."

"शेतात झाडं तरी होती," मी म्हणाले. "आणि दमच धरत होती ना ती. दम धरला म्हणून तर हे झालं. अजून किती धरायचा?"

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या खोलीतला रेडिओ कोणीतरी बंद केला. भाऊ म्हणाला, "आईशी कसं बोलतेस?" मी म्हणाले, "तू बोलूच नको. तुला कामावर लघवी लागली की काय करतोस?" तो गोंधळला. "जातो," म्हणाला. अगदी साधेपणाने. तो एक शब्द मला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

सोमवारी मी कामावर गेले. मिसने विचारलं, "वहिनी कशी आहे तुझी?"

मी सांगितलं. तिने छातीवर क्रूस केला. मग म्हणाली, "पण मी कधी कोणाला अडवलं नाही हां. बिल्ला असेल तर जा म्हणूनच सांगते."

हे खरं होतं. तिने कोणालाही अडवलं नव्हतं. कोणीच कोणाला अडवलं नव्हतं. मी माझ्या टेबलावर जाऊन बसले. सोल्डर तापायला ठेवलं. ते तापेपर्यंत मी ठरवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या ओळीतल्या बायकांना डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. खडूने फरशीवर चित्र काढलं. काजू, नळ्या, पिशवी. पहिल्या दिवशी सात जणी होत्या. दुसऱ्या दिवशी वीस. आणि मग एकेक बोलायला लागली. हिला वर्षात तीनदा आग झालेली. तिची कंबर कायमची धरलेली. एकीने आईपासून नवऱ्यापर्यंत कोणालाच न सांगितलेलं आम्हाला सांगितलं, की तिला एकदा लघवीतून रक्त गेलं होतं आणि तिने देवाला नारळ बोलला होता. बासष्टातल्या चाळीसेक जणींना कधी ना कधी हे झालेलं. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

"मग करायचं काय?" ओळीतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली. "युनियन नाही आपल्याला. बोललीस तर उद्या गेटवर उभी करतील."

"बोलायचं नाही," मी म्हणाले. "पाणी प्यायचं."

पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही घरून तांब्याभर पाणी पिऊन निघालो, आणि कामावर आल्याआल्या दाराजवळच्या पिंपातून एकेक पेला प्यायलो. पिंपाचा तळ दिसायला लागला. मिसने ते बघितलं. दहा वाजता पहिली उठली. बिल्ल्याकडे न बघता सरळ संडासाकडे गेली. तिच्यामागे दुसरी. मग मी. आणि मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, असा की पत्र्याच्या भिंती दणाणल्या. काही जणी घाबरून बसून राहिल्या, त्यांना मी आजही दोष देत नाही. पण पन्नासच्या वर आम्ही उभ्या होतो, त्या एका दारासमोर. पाठीमागे पन्नास सोल्डर धूर सोडत होती आणि पट्ट्या तशाच पडल्या होत्या.

मॅनेजर ऑफिसातून धावत आला. "हे काय चाललंय?"

मग ती वयस्कर बाई म्हणाली, "साहेब, लघवीला लागलीय."

"सगळ्यांना एकदम?"

"हो साहेब."

तो लाल झाला. त्याला ओरडायचं होतं, पण कशावर ओरडायचं ते त्याला सुचेना. तो शब्दसुद्धा त्याच्या तोंडून निघत नव्हता. जो शब्द उच्चारायची लाज वाटून शाळेतल्या बाईंनी धडा सोडला होता, त्याच लाजेत आता हा अडकला होता. शेवटी तो मिसकडे वळला. "कोणी सुरू केलं हे?"

मिसने आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे जरा जास्त. तिला पक्कं ठाऊक होतं. फरशीवरचं खडूचं चित्र तिने रोज झाडूवालीकडून पुसून घेतलं होतं.

"सगळ्या एकदम उठल्या, सर," ती म्हणाली. "मला दिसलं नाही."

त्याबद्दल मी तिचे आभार कधी मानले नाहीत. एक खोटं बोलून इतक्या वर्षांचे बिल्ले फिटत नाहीत.

वहिनीचं नाव मीच काढलं. मॅनेजरला म्हणाले, "एकवीस नंबर हॉस्पिटलात आहे. तिचं मूल गेलं. मूत्रपिंडाला सूज आली तिच्या. तुम्ही त्या खोक्यांच्या खोलीचं कुलूप काढा, आम्ही कामाला बसतो." माझा आवाज कापत होता. लोकांना वाटलं भीतीने. भीतीने नव्हता.

कुलूप त्याच दिवशी निघालं. खोकी बाहेर आली तेव्हा आत एक धडधाकट संडास होता, नळाला पाणीसुद्धा होतं. बिल्ले खिळ्यावरून गेले. आम्ही संध्याकाळी घरी जाताना हसत होतो, पण माझं हसू लवकर मावळलं. एवढंच तर होतं. एक किल्ली. एवढ्यासाठी.

पावसाळा संपताना मला पॅकिंगला टाकलं आणि दिवाळीनंतर "काम कमी आहे" म्हणून घरी बसवलं. फक्त मला. काम काही कमी नव्हतं, माझ्या जागी लगेच दुसरी मुलगी घेतली. तिच्याकडून कळलं की बिल्ले परत आले होते, आता प्लॅस्टिकचे, आणि दोनाऐवजी सहा. मी पुढे घाटकोपरला एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या कामाला लागले आणि तिथेच माझी नोकरीची वर्षं गेली. पोटुशी बाई आली की मी पत्ता लिहायच्या आधी विचारायचे, कामावर पाणी पिता का? बायका ओशाळं हसायच्या. त्या हसण्याची मला अजून चीड आहे.

वहिनी त्या कारखान्यात परत गेली नाही. तीन वर्षांनी तिला मुलगा झाला, त्या वेळी पूर्ण नऊ महिने मी तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरले. मुलगा सुखरूप झाला. पण त्याच सुमारास तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, आणि डॉक्टरने तेव्हा नवीनच आलेली सोनोग्राफी करायला सांगितली. मी सोबत गेले होते. तपासणाऱ्याने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. डावं मूत्रपिंड चांगलं होतं. उजवं आक्रसून लहान झालं होतं, कडा वेड्यावाकड्या.

"जुन्या इन्फेक्शनचा व्रण आहे," तो म्हणाला. "ते आता भरून येणार नाही. प्रेशरच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

वहिनीने पदर सारखा केला. "दुसरं नीट आहे ना?" तिने विचारलं.

"हो, दुसरं नीट आहे."

"मग झालं," ती म्हणाली. "एकावर चालतं ना माणसाचं."

चालतं. तपासणाराही तसंच म्हणाला. मी खुर्चीवरून उठून बाहेर व्हरांड्यात आले, कारण आत थांबले असते तर मी तिला काहीतरी बोलले असते, आणि चूक तिची नव्हती.